दोघाईले सांगजो

आषाढ अर्धा सरला होता आणि आवळटोल्याच्या धानाच्या बांध्यांमध्ये घोट्याएवढं पाणी साचलं होतं. भर चिखलणीत मुखरूच्या नांगराचा इसाड, नांगर जुवाला जोडणारं लांब लाकूड, मोडला. काडकन आवाज झाला, बैल दोन पावलं पुढे गेले आणि जुवाला लटकलेलं अर्धं लाकूड घेऊन उभे राहिले. मुखरूच्या हातात रुमणं तेवढं राहिलं.

जोडी म्हणायला जोडी होती. पांढरा बैल मुखरूचा, काळा पोचूचा. दोघांकडे एकेकच. चार वर्षांपूर्वी दोघांनी ठरवलं, आपले बैल एका जुवाखाली आणायचे, चार दिवस मुखरूच्या बांधीत, चार दिवस पोचूच्या. मुखरू कुणबी, पोचू गोंड. घरं गावाच्या दोन टोकांना. पण धान लावायच्या, रोवण्याच्या दिवसांत दोन्ही घरांची आंबील एकाच बांधावर बसून प्यायली जाई.

धानाची रोपं, पऱ्हे, गुडघ्याला आली होती. त्यांना थांबायला सवड नव्हती. परवाना काढून लाकूड आणायचं तर डिप्टी रेंजरच्या दारात आठ-पंधरा दिवस बसावं लागे. मालगुजारी होती तोवर दिवाणजीच्या कानावर घालून माणूस एखादं लाकूड आणत असे. दोन वर्षांमागे मालगुजारी गेली, जंगल सरकारचं झालं, आणि झाडाझाडावर हातोडीचे शिक्के बसले. मुखरूनं कुणाला विचारलं नाही. त्याच दुपारी पावसात नाल्याकडे गेला आणि मांडीएवढं सागवान पाडलं. खांदा द्यायला म्हणून पोचू संगं गेला. फांद्या त्यानं आपल्या कुऱ्हाडीनं छाटून सवळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांनी लाकूड मुखरूच्या अंगणात अर्धं तासलं होतं, तेवढ्यात जंगल खात्याचा नाकेदार आला. संगं दोन चौकीदार. मुखरूची बायको रुखमाबाई पऱ्ह्यांच्या जुड्या बांधत दारातच बसली होती. नाकेदारानं खाट ओढली, पाणी मागितलं, प्यायला आणि उरलेलं लाकडावर ओतलं.

"झाड कोनी तोडलं?"

म्हातारा रामाजी, मुखरूचा बाप, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, आवाजाच्या दिशेनं मान वळवून बसला होता.

"नाई सांगत? बरं हाये. उचला दोघंबी."

त्यानं पोचूची कुऱ्हाड चौकीदाराकडे दिली. दोघांचे हात एकाच दोरानं बांधले आणि लाकूड त्यांच्याच खांद्यांवर दिलं. मुखरू उंच, पोचू ठेंगणा. लाकूड तिरपं झालं आणि सगळा भार उतरून पोचूच्या खांद्यावर आला. गावातून, बांधाबांधावरून दोघांना तसंच जंगलाच्या नाक्यावर चालवत नेलं. रोवणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, पाहिलं, आणि परत वाकल्या.

पहाट फुटताच रामाजी सुनेला म्हणाला, "पोरी, तालुक्याले जाय. कोर्टापुढं चिचेखाली जलालुद्दीन मुनशी बसते. अर्ज्या लिहिते. इंग्रजाच्या राज्यात माह्यावर बैलचोरीची केस आली होती, तवा त्याच्यानंच वाचलो. त्याले खरं सांगजो."

पोचूची बायको बुधरी तेवढ्यात आलीच. पानांच्या पुडक्यात भात बांधलेला. तिला मराठी तोडकीमोडकी येई.

"तू जाय बाई," ती म्हणाली. "मले मोठ्या मानसासंगं बोलता नाई येत. मी नाक्यावर बसतो. मुनशी काय म्हनते ते येऊन सांगजो."

पाच कोस. रुखमाबाईला पाचवा महिना होता. वाटेत दोन नाले कमरेएवढे लागले. लुगडं वर खोचून ते तिनं पार केले, आणि कोर्टापुढच्या चिंचेखाली पोचली तेव्हा पायांच्या बोटांमधली कातडी पांढरी होऊन सुटली होती.

मुनशी म्हातारा होता. चष्म्याची एक दांडी गेलेली, तिथं सूत बांधलेलं. पावसाचे थेंब गळू नयेत म्हणून पेटीवर मेणकापड. त्यानं आधी तिला बसू दिलं, पाणी पाजलं, मग विचारलं, "झाड कोनी तोडलं?"

"घरच्यायनं."

"आन दुसरा?"

"त्यानं फांद्या सवळल्या. खांदा देल्ला."

"मले खरं सांगतलं, ठीक केलं. आता हे कोनाले सांगू नोको. देवाले बी नोको." त्यानं टाक बाजूला ठेवला. "धेन देऊन आयक. कोन्याच कागदावर आंगठा लावाचा नाई. पोलिसाच्या कागदावर लावला त कोर्टात तो चालत नाई, कायदा हाये. पन जंगलवाले पोलिस नोहेत. त्याईच्या कागदावरचा आंगठा चालते. त्याच्यावरच सजा होते. समजलं?"

"मंग बोलाचं काय?"

"नाव, बापाचं नाव, गाव. बस. बाकी जे सांगाचं ते कोर्टात साहेबापुढं सांगीन, असं म्हनाचं. शंभरदा इचारलं त शंभरदा तेच."

"मारलं त?"

मुनशीनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मारलं त खाचा. पन कोर्टात आनलं का पह्यल्याच दिवशी आंग दाखवाचं साहेबाले. आठ दिवसानं दाखवलं त काई उपेग नाई. पळाचं नाई. नाकेदाराच्या आंगावर जाचं नाई. कोंबडी, तूप काई नेऊन देऊ नोको. खातीनबी, आन वरून लिहितीन का लाच देत होती."

"नाई नेत."

"लाकूड उचललं तवा पंच कोन होते?"

"कोनीच नोहोते. मामाजी होते, त्याईले दिसत नाई."

"कागदावर पंच राह्यतीन, पायजो. काल दुपारी धरलं ना? त आज दुपारपावतर कोर्टात आनाले पाह्यजे होतं. चोवीस घंटे. ते मी अर्जीत लिहितो. तारीख पडली का एकबी चुकवाची नाई, नाई त वारंट निघते." मग तो पुढे झुकला. "आन सगळ्यात मोठी गोष्ट. ते दोघाईले अलग अलग ठेवतीन. याले म्हनतीन त्यानं तुहं नाव घेतलं, त्याले म्हनतीन यानं घेतलं. भरवसा ठेवाचा नाई. दोघाईनं तोंड बंद ठेवलं त कागद कोरा राह्यते. दोघाईले सांगजो."

"हो."

"दोघाईले, बाई."

त्यानं तिच्याकडून सगळं म्हणवून घेतलं. तिनं बोटांची पेरं मोजत म्हणून दाखवलं. एक विसरली, ते त्यानं परत सांगितलं. परतीच्या वाटेवर ती तोंडातल्या तोंडात तेच म्हणत चालली. नाव, बापाचं नाव, गाव.

नाका वाटेवरच होता. अलीकडच्या नाल्यावर झिंगू भेटला. झिंगू नाक्यावरचा चौकीदार, पण तिच्या माहेरच्या गावचा. लहानपणी संगं मोहफुलं वेचलेली. त्यानं इकडं तिकडं पाहिलं.

"रुखमा, एक गोष्ट सांगतो. माहं नाव घेऊ नोको. डिप्टी साहेबाले दोन मानसं नाई पाह्यजेत. तोडल्या झाडाचा खुंट एक हाये. एक आंगठा भेटला का दुसऱ्याले सोडून देतो म्हनते."

"कोनाचा?"

"कोनाचाबी." झिंगूनं पाण्यात पाय धुतले. "दोघंबी नाई म्हनले त दोघंबी जातीन कोर्टात. मंग तारखा चालतीन, दिवाळीपावतर."

झिंगू निघून गेला. रुखमाबाई नाल्याच्या काठावर उभी राहिली. पाऊस थांबला होता आणि पाण्यावरून गढूळ फेस वाहत होता. दिवाळीपर्यंत. पऱ्हे पिवळे पडतील. म्हाताऱ्याला दिसत नाही, आपल्याला वाकवत नाही. दिवाळीनंतर आपण बाळंत होऊ, आणि कोठीत दाणा नसेल. तिनं पदर पिळला, परत पिळला, आणि चालू लागली. आता तिच्या तोंडात शब्द नव्हते.

नाक्याच्या फाटकाशी बुधरी उकिडवी बसली होती. पुडक्याची पानं पावसानं काळी पडली होती. रुखमाबाईला पाहताच ती उठली.

"मुनशी भेटला?"

"भेटला नाई," रुखमाबाई म्हणाली. "गावाले गेला म्हनते."

"हिल्ले?" बुधरीनं तिच्या भाषेत विचारलं आणि मग हात हलवून स्वतःच म्हणाली, "नाई भेटला. तुह्ये पाय पाह्य बाई. किती फुगले."

मुखरूला ओसरीच्या खांबाला बांधलं होतं. खालचा ओठ सुजून लोंबत होता. ती पाणी पाजू लागली तर अर्धं हनुवटीवरून गळलं. पदरानं पुसता पुसता तिनं सगळं सांगितलं, एक न विसरता. कागद, आंगठा, नाव, बापाचं नाव, गाव.

"पोचूले?" मुखरूनं विचारलं.

"बुधरी सांगन."

मुखरूनं फाटकाकडे पाहिलं. बुधरी तिथं बसून पायातला काटा काढत होती. त्यानं बराच वेळ पाहिलं. परत विचारलं नाही.

मग बुधरी आत गेली. पोचूला पलीकडे लाकडांच्या छपरीत ठेवलं होतं. तिथून दोघांचं गोंडीतलं बोलणं हळूहळू ऐकू येत होतं. एकदा तर पोचू हसला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी मुखरू एकटाच घरी आला. पाय न धुता आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"सोडलं?" रामाजीनं विचारलं.

"सोडलं."

"पोचू?"

"त्यानं लावला." मुखरू भिंतीकडे पाहतच पुढं बोलला. "नाकेदार त्याले म्हने, मुखरूनं तुहं नाव सांगतलं. कुऱ्हाड तुहीच सापडली. लाव आंगठा, आठ दिवसात घरी येशीन. तो मले पाहून राह्यला होता. मी खाली पाह्यलं."

रुखमाबाईनं चूल फुंकली. धूर डोळ्यांत गेला, तरी ती फुंकत राहिली.

पोचूला कोर्टात नेलं आणि तिथून हवालातीत ठेवलं. जमानत द्यायला त्याच्यामागं कोण होतं? मुखरूनं मोहाच्या लाकडाचा इसाड मागून आणला. जड होता, बैलांच्या माना सोलून निघत. चार दिवस मुखरूच्या बांधीत नांगर चालला. पाचव्या दिवशी तो जोडी घेऊन न सांगता पोचूच्या बांधीत गेला. रुखमाबाईही गेली. पोट सांभाळत, गुडघे फाकवून ती वाकली आणि पऱ्हे लावत मागं मागं सरकू लागली. चिखलात जळवा होत्या. दुपारी पिंडऱ्यांवरून रक्ताच्या रेघा उतरल्या तरी ती बांधावर आली नाही. बुधरीनं हाताला धरून ओढलं.

"बस बाई. तुह्या पोटातल्याचं पाप लागन मले."

आणि गोंडटोल्यातल्या बायांना ती सांगत सुटली, रुखमाबाईसारखी बाई नाही. पाच कोस माझ्यासाठी चालली, आता माझी बांधी रोवते. बाया येऊन रुखमाबाईच्या पायांना हळद लावून गेल्या. ती नको म्हणत होती. त्यांना वाटलं, लाजते.

श्रावण सरताना तारीख आली. बुधरी आदल्या दिवशीच दारात. "तू चाल बाई. मले तालुक्याची वाट नाई मालूम."

रुखमाबाई म्हणाली, माझे पाय सुजले. मुखरूकडे तिनं पाहिलं. मुखरू बैलाच्या मानेला तेल लावत होता.

"जाय," तो म्हणाला. "तूच जाय."

वाटभर तिनं ठरवलं होतं, चिचेकडे फिरकायचं नाही. कोर्टाच्या मागच्या बाजूनं जायचं, ओसरीवर बसायचं, नाव पुकारलं की आत. पण पाऊस आला. बुधरीनं तिचा हात धरला आणि आडोशाला म्हणून चिचेखालीच नेलं. मुनशीनं चष्म्यावरून पाहिलं.

"आवळटोल्याची ना तू? मुखरूची बाई?" तो जागचा उठला. "आज कागद पाह्यला मी. पोचूचा आंगठा काऊन लागला त्याच्यावर? मी तुले सांगतलं होतं. दोघाईले सांगजो म्हनलो होतो. दोनदा म्हनलो होतो."

रुखमाबाईच्या पदरातून पाणी ठिबकत होतं.

"तवा भेटला होता मुनशी?" बुधरीनं विचारलं. तिनं हे रुखमाबाईला नाही, मुनशीला विचारलं.

"म्हंजे? इथीच बसली होती. सगळं म्हनून दाखवलं तिनं मले, पेरं मोजून मोजून." आणि मग मुनशीच्या ध्यानात आलं. त्यानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि खाली बसला. "तू त्याची बायको?"

बुधरीनं मान हलवली. तिनं रुखमाबाईचा हात सोडला होता. केव्हा सोडला, ते रुखमाबाईला कळलंच नाही.

"आता काय कराचं?" बुधरीनं विचारलं.

"आता..." मुनशीनं कपाळ चोळलं. "आत्ताच जाय. पुकारा व्हाच्या आंधी त्याले सांग. साहेबानं इचारलं का म्हनाचं, मले वाचता येत नाई, कागद मले वाचून दाखवला नाई, धमकी देऊन आंगठा घेतला. मारलं असन त आंग दाखव म्हना. पूरं नाई सुटन, पन काई होईन. पळ."

बुधरी धावली. ओसरीच्या टोकाला पोचू दोन शिपायांच्या मधोमध उभा होता. दाढी वाढलेली, गळ्याची हाडं वर आलेली. शिपायानं काठी आडवी केली. "पाठी सरक. कैद्याशी बोलायचं नाही." ती काठीपलीकडूनच गोंडीत ओरडू लागली, भराभरा, हात हलवत. पोचू ऐकत होता. अर्धं समजलं असावं, अर्धं नाही. पाऊस पत्र्यावर वाजत होता. तेवढ्यात पुकारा झाला.

आत फार वेळ लागला नाही. कारकुनानं कागद वाचला. साहेबानं विचारलं, हा अंगठा तुझाच का? पोचूनं नाकेदाराकडे पाहिलं, मग दाराकडे. "होय." लाकूड तू तोडलं का? साहेबानं परत विचारलं. आठ दिवसांत घरी जाशील, असं त्याला सांगितलं होतं आणि त्याला दीड महिना झाला होता. आता एकदा हो म्हटलं की सुटका, असंच त्याला वाटलं असेल.

"होय," पोचू म्हणाला.

तीन महिने.

परतीच्या वाटेवर बुधरी पुढे चालत होती. रुखमाबाई मागे. पहिला नाला आला तेव्हा बुधरी थांबली. पाणी वाढलं होतं. तिनं मागे न पाहता हात पुढे केला, पोटुशी बाईला पार करवलं, पलीकडे नेऊन सोडला. एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या नाल्यावरही तसंच. गावाच्या शिवेवर रुखमाबाईला राहवलं नाही.

"बुधरे, मारून टाक मले. पन बोल."

बुधरी आपल्या टोल्याच्या वाटेनं निघून गेली.

सकाळी ती अंगणात आली. खुंट्यापासून काळा बैल सोडला. मुखरू उठून उभा राहिला. पांढऱ्या बैलानं मान वर करून दोनदा हंबरडा फोडला. "कोन नेऊन राह्यलं गा बैल?" रामाजीनं विचारलं. मुखरूच्या दोन बांध्या अजून पडीक होत्या. त्या दोघा नवराबायकोनं कुदळीनं खणून रोवल्या, अर्ध्या उशिरा आल्या, अर्ध्या आल्याच नाहीत. त्या दिवसांत मुखरू तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोले, मीठ दे, पाणी दे. ज्या सांजेला नाक्यावर त्यानं पोचूबद्दल एकदाच विचारलं होतं, ती सांज दोघांच्याही मनात असे आणि दोघंही तिला वळसा घालून जात.

धान कापून झालं तेव्हा पोचू सुटून आला. मुखरूनं दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "जाऊन येतो." रुखमाबाईला नववा लागला होता. तीही उठली. "मीबी येतो."

पोचू आपल्या अंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. डोक्याचे केस बारीक कापलेले, त्यानं तो आणखीच ठेंगणा दिसत होता. दोघांना पाहून तो उठला. आता हा कुऱ्हाड उचलेल, असं मुखरूच्या मनात येऊन गेलं असेल. तो फाटकाशीच थांबला.

"ये गा. काऊन थांबला? बस," पोचू म्हणाला आणि तंबाखूची चंची पुढे केली. "बाईनं माही बांधी रोवली म्हनते. बुधरी सांगत होती. जेलात मले तेवढीच फिकर होती."

मुखरू बसला. त्याचा हात चंचीपर्यंत जाईना.

"मीच मूर्ख, नाकेदाराचं खरं मानलं," पोचू हसला. समोरचा एक दात गेला होता. "जेलात एक जन भेटला, तो म्हने, आंगठा नाई लावाचा राह्यते. आपल्याले कोन सांगाले होतं? बाई एवढी चालत गेली, तं मुनशी गावाले गेलेला. नशीब, दुसरं काय."

रुखमाबाईनं वर पाहिलं. बुधरी दारात उभी होती, सुपात धान घेऊन.

"पानी देतो, चाल," बुधरी म्हणाली आणि आत वळली. रुखमाबाई तिच्या मागं गेली. आत अंधार होता. माठाजवळ बुधरी थांबली.

"तू सांगतलं नाई त्याले?" रुखमाबाईनं हळूच विचारलं.

"नाई."

"काऊन?"

"सांगतलं असतं त तो कुऱ्हाड घेऊन उठला असता. तुह्या नवऱ्याचं डोकं फोडलं असतं. मंग पोलिस, मंग कोर्ट, मंग फाशी." तिनं गडवा भरला. तिचं मराठी आता चांगलं सुधारलं होतं. तीन महिन्यांत ती बरेचदा तालुक्याला जाऊन आली होती. "मले माहा मानूस घरी पाह्यजे. मुनशीनं सांगतलं मले, ज्या गोष्टीनं केस उभी राह्यते ते तोंडातून काढाची नाई. मी आयकलं. पुरं आयकलं."

तिनं गडवा रुखमाबाईच्या हातात दिला नाही. खाली जमिनीवर ठेवला.

"तू येत जाजो. त्यानं पाह्यलं पाह्यजे का तू येते. हासत जाजो. पन माह्या हातचं पानी आता तुले नाई."

रुखमाबाई खाली वाकली. पोटामुळे तिला वाकवत नव्हतं. एक हात भिंतीला लावून, गुडघे टेकून तिनं तो गडवा उचलला आणि सगळं पाणी प्यायली. बुधरी उभी राहून पाहत होती.

बाहेर पोचू मुखरूला सांगत होता, "परवा धानाच्या चुरन्याले काळा घेऊन येतो मी. पांढऱ्याले जोडू. तुहं आंधी, मंग माहं. काय म्हनते बाई?"

दारात येऊन रुखमाबाई हसली. "हो भाऊ," ती म्हणाली. "आना."